शाळा कुरणात गेली, विद्यापीठ घरी आलं



गटाचं रजिस्टर उघडलं की नावापुढे एक रकाना असतो, शिक्षणाचा. बचत किती, कर्ज किती, हप्ता कधीचा, हे आपण पटापट सांगतो. या रकान्यापाशी मात्र आवाज बारीक होतो. कुणी सातवी, कुणी दहावी नापास, कुणी बारावी झाली अन् त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. पुढं शिकायचं होतं का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "आता काय शिकता ताई, वय निघून गेलं." वाशिम असो, रिसोड असो की मानोरा, आम्ही सहयोगिनी ज्या ज्या बैठकीला बसतो तिथं हे ऐकतो.

म्हणून आज आम्ही थोडा इतिहास सांगणार आहोत. वय निघून जातं म्हणून बाईचं शिक्षण थांबतं, की तिच्या वेळेला दार उघडं नसतं म्हणून थांबतं? हे जुन्या गोष्टींवरून तपासून पाहू. त्यातली मुख्य गोष्ट आहे अनुताई वाघ यांची. ही गोष्ट आपल्या अंगणवाडीच्याही जन्माची आहे.

अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लग्न लहानपणीच झालं, वयाच्या तेराव्या वर्षी. सहा महिन्यांतच नवरा वारला. संसार म्हणजे काय हे कळायच्या आधीच कपाळावर विधवा हा शब्द लिहिला गेला. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय यायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांकडून आपण ऐकलेलं आहे. कोपऱ्यातली खोली, सगळ्या घराचं काम, आणि शुभकार्यात पुढं यायचं नाही.

अनुताईंच्या वाट्याला शाळा आली. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या. आजच्या भाषेत मराठी सातवी म्हणा. तेव्हा तेवढ्यावर मास्तरकी मिळत असे. मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ साली शिक्षिकेची परीक्षा दिली आणि त्यात पहिल्या आल्या. सुरुवातीला नाशिक जिल्ह्यात नोकरी केली, नंतर १९३३ पासून पुण्याच्या हुजूरपागेत शिकवलं. दिवसा मुलींना शिकवायचं आणि रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन इंग्रजी शिकायचं, असं करत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. तेव्हा त्यांचं वय सत्तावीस होतं.

मॅट्रिकनंतर पदवी मिळायला अजून चोवीस वर्षं जायची होती. त्या चोवीस वर्षांत अनुताई स्वस्थ बसल्या नव्हत्या. १९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर झालं. तिथं त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. ताराबाईंचं नाव आपल्या वऱ्हाडाला परकं नाही. लग्नानंतर त्या काही वर्षं अमरावतीला राहिल्या होत्या. संसार टिकला नाही, तेव्हा पदवीच्या बळावर त्या नोकरीसाठी राजकोटला गेल्या आणि पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं. लहान मूल म्हणजे मातीचा गोळा नाही. त्याला स्वतःचं मन असतं, भीती असते, आवड असते, आणि ते ओळखल्याशिवाय शिकवणं सुरूच होत नाही, हा त्या दोघांच्या कामाचा पाया होता. आज आपण याला बालमानसशास्त्र म्हणतो.

ताराबाईंनी १९४५ च्या डिसेंबरमध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई तिथं गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. गावात मुख्य बालवाडी होती, पण दूरच्या वस्तीवरची गरिबाघरची मुलं तिथवर येत नव्हती. म्हणून शिक्षिकाच वस्तीवर जाऊ लागल्या आणि तिथल्याच अंगणात मुलं जमवू लागल्या. अंगणात भरणारी वाडी म्हणजे अंगणवाडी. पुढं १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली आणि हे नाव देशभर झालं. आपल्या गटातल्या ज्या ताई अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस आहेत, त्यांच्या कामाचं मूळ त्या अंगणात आहे.

मग काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या मुलांमध्ये. तिथं आणखी अडचण होती. मुलं दिवसभर गुरं राखायची. घरात त्यांच्या हातचं काम हवं होतं. शाळेत या म्हणून कितीही बोलावलं तरी गुरं सोडून ती येणार कशी? तेव्हा ताराबाई-अनुताईंनी शाळाच कुरणावर नेली. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली बसलीत, दगड, पानं, बिया घेऊन मोजायला शिकतायत. तिला कुरणशाळा म्हणत. महागडी खेळणी आणायला पैसा नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. मुलाच्या ओळखीच्या वस्तू वापरल्या की मूल घाबरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

एवढं सगळं मॅट्रिक आणि ट्रेनिंगच्या शिक्षणावर चाललं होतं. कुणी म्हणेल, मग पदवीची गरज काय होती? पण अनुताईंना ती हवी होती. डोळ्यांचा विकार जडला होता, वाचन जड जात होतं. कामाचा रगाडा होताच. तरी १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या एसएनडीटी महिला विद्यापीठाची पदवी परीक्षा पास झाल्या. १९७३ साली ताराबाई गेल्या. त्यानंतर १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, अनुताईंनी ते काम पुढं नेलं. सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

ही गोष्ट सांगितली की बहुतेक जणी म्हणतात, "बाई मोठी जिद्दीची." जिद्दीची होत्याच. पण जिद्द तर आपल्या गावोगावच्या कितीतरी बायांमध्ये होती आणि आहे. १९१० साली जन्मलेल्या किती बालविधवा जिद्दीच्या असतील, त्या सगळ्या पदवीधर का झाल्या नाहीत? या प्रश्नाचं उत्तर अनुताईंच्या चरित्रात कमी आणि त्यांच्या विद्यापीठाच्या चरित्रात जास्त सापडतं. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं. बायांना तिथल्या परीक्षांना बसायची परवानगी मिळायला १८८३ उजाडलं. म्हणजे सव्वीस वर्षं बाईनं कितीही अभ्यास केला असता तरी परीक्षेच्या खोलीत तिला पाय ठेवता आला नसता. पुढं कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. विलायतेला शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या गुणांवर त्यांना मिळायला हवी होती. ती बाई म्हणून नाकारली गेली. गुण होते, जिद्द होती, दार मात्र अर्धंच उघडलं होतं.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण टीव्हीवर, सिनेमात पाहिली आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांत बाळ गेलं. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. या गोष्टीतलं एक नाव मात्र आपल्याकडं फार घेतलं जात नाही. ते आहे रेचेल बॉडली. आनंदीबाईंच्या कॉलेजच्या त्या प्रमुख होत्या. कॉलेज फक्त बायांसाठीच काढलेलं होतं. बॉडलीबाईंनी परक्या देशातल्या, परक्या धर्मातल्या या अठरा वर्षांच्या मुलीला प्रवेश दिला, शिष्यवृत्ती मिळवून दिली, आजारपणात तिची काळजी घेतली. तरी तिथली थंडी आणि खाण्यापिण्याचे हाल आनंदीबाईंच्या शरीराला सोसले नाहीत. पदवीनंतर वर्षही पुरं झालं नाही, २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. घर सोडून, समुद्र ओलांडून मगच पदवी मिळणार असेल तर बाईला ती केवढ्याला पडते, हे त्यांच्या मरणानं सांगितलं.

घराजवळ, आपल्या भाषेत, बाईच्या वेळापत्रकाला धरून पदवी मिळावी, हा विचार महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी तडीला नेला. कर्वे कोकणातल्या मुरुडचे. त्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि नंतर तो पुण्याजवळ हिंगण्याला नेला. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका १९१५ साली त्यांच्या हाती पडली, आणि १९१६ साली त्यांनी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं. कॉलेजात पहिल्या वर्षी विद्यार्थिनी किती? पाच.

हे विद्यापीठ कशानं वेगळं होतं, ते आपण नीट समजून घेऊ. पहिली गोष्ट भाषेची. शिकवणं आणि परीक्षा आपल्या मातृभाषेत, इंग्रजी हा एक विषय म्हणून. दुसरी गोष्ट विषयांची. घर, आरोग्य, मुलांची वाढ हे बाईच्या जगण्यातले विषय पदवीच्या लायकीचे मानले गेले. तिसरी गोष्ट हजेरीची. कॉलेजात रोज येता येत नसेल तर घरी अभ्यास करून, बाहेरून परीक्षेला बसायची सोय केली. पदवीचं नावसुद्धा आपलं होतं. बी.ए.ऐवजी गृहीतागमा म्हणत.

यावर टीका झाली. ही हलकी पदवी, बायांसाठी सोपी करून दिलेली, असं लोक म्हणाले. इंग्रज सरकारनं तिला मान्यता दिली नाही. म्हणजे पदवी घेऊनही सरकारी नोकरीत तिचा उपयोग नाही. मान्यतेचा कायदा व्हायला १९४९ साल लागलं. सुरू झाल्यापासून तेहेतीस वर्षं. तेवढी वर्षं हे विद्यापीठ लोकवर्गणीवर आणि देणग्यांवर तगलं. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच एसएनडीटी.

पंधरा लाखांची गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला पार्वतीबाई आठवल्यांचीही सांगावीशी वाटते. त्या गोदूबाईंच्या सख्ख्या बहीण, त्याही विधवा. विशी उलटून गेल्यावर त्या लिहा-वाचायला शिकल्या. मग कर्व्यांच्या संस्थांसाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. १९१८ साली अमेरिकेला गेल्या, तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या आणि तिथूनही संस्थेसाठी पैसे आणले. स्वतः पदवीधर नसलेल्या बाईनं दुसऱ्या बायांच्या पदवीसाठी हात पसरले. एकमेकींच्या पाच-दहा रुपयांवर गट कसा उभा राहतो हे ज्या बायांनी पाहिलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता अनुताईंच्या पदवीकडं परत पाहा. १९६१ साली कोसबाडसारख्या आदिवासी भागात काम करणारी, डोळ्यांनी अधू होत चाललेली, पन्नाशी ओलांडलेली बाई मराठीतून पदवी परीक्षा देऊ शकली. तोवर विद्यापीठ मातृभाषेत आलेलं होतं, त्याला मान्यता मिळालेली होती, आणि वय किती हे विचारून ते बाईला परत पाठवत नव्हतं. कर्वे तेव्हा हयात होते, १०३ वर्षांचे. गुराखी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणात नेणारी बाई, आणि बाया कॉलेजात येऊ शकत नाहीत म्हणून घरापर्यंत आलेलं विद्यापीठ, अशी ती गाठ होती. जिद्द अनुताईंची. दार मात्र पंचेचाळीस वर्षं खपून दुसऱ्यांनी उघडून ठेवलेलं.

आपल्या भागाचं काय? १९२३ पर्यंत नागपूरलाही विद्यापीठ नव्हतं. अमरावती विद्यापीठ झालं १ मे १९८३ ला. पुढं त्याला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. स्वतः शाळेत न गेलेला हा साधू गावोगाव कीर्तनातून सांगत फिरला की पोटाला चिमटा घ्या, पण लेकरं शिकवा. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. हळूहळू तालुक्याच्या गावी कॉलेजं आली. तरी खेड्यातल्या सुनेला रोज एसटीनं कॉलेजला जाणं सोपं नाही. सोयाबीनच्या सोंगणीत, तुरीच्या दिवसांत तर घरातून पाय निघत नाही.

अशा बायांसाठी दुसरी वाट झाली ती मुक्त विद्यापीठाची. १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ झालं, ज्याला आपण इग्नू म्हणतो. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ झालं. त्याचं ब्रीद आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. पुस्तकं घरी येतात, अभ्यासकेंद्र जवळच्या कॉलेजात असतं, शिकवणी सुटीच्या दिवशी होते. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी नाशिकच्या विद्यापीठानं वर्षानुवर्षं पूर्वतयारीचा शिक्षणक्रम चालवला. तो पास झालं की पदवीच्या पहिल्या वर्षाला बसता येत असे. कर्व्यांनी जे बायांसाठी केलं, तेच इथं शेतकरी, कामगार, गृहिणी, सगळ्यांसाठी झालं.

या वाटेनं ज्या विषयाकडं बायांचा ओढा वाढला, त्यातला एक म्हणजे मानसशास्त्र. इग्नूच्या मानसशास्त्राच्या एम.ए.ला कुठल्याही विषयाचा पदवीधर चालत असे. घरी अभ्यास, लिहून पाठवायचे स्वाध्याय, शिवाय प्रात्यक्षिक आणि प्रकल्प किंवा इंटर्नशिप. लग्नानंतर, नोकरी सांभाळून, मुलं झोपल्यावर अभ्यास करून अनेक जणींनी ही पदवी घेतली.

आपल्या जिल्ह्याला या विषयाची गरज किती आहे, हे वेगळं सांगायला नको. पश्चिम विदर्भातल्या ज्या जिल्ह्यांची नावं शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत येतात, त्यात वाशिम आहे. मागं राहिलेल्या बाईचं दुःख आपण गटाच्या बैठकीतच पाहिलेलं आहे. सरकारनं शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आणला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात, झोप लागते का, जेवण जातं का, मन उदास राहतं का. गरज वाटली तर पुढं जिल्हा रुग्णालयात पाठवतात. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करून मोफत बोलता येतं. तो नंबर पाठ करून ठेवा. पण विचारपूस करणारी, ऐकून घेणारी, आपल्या बोलीत बोलणारी शिकलेली माणसं गावाजवळ हवीत. सासूच्या धाकाबद्दल, दारूच्या मारहाणीबद्दल, कर्जाबद्दल आपली बाई वऱ्हाडीतच बोलणार. तिचं ऐकणारी तिच्यातलीच एखादी असली आणि तिनं रीतसर शिक्षण घेतलेलं असलं, तर किती बरं होईल.

आणि इथंच एक दार नुकतंच बंद झालंय. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं देशभरातल्या विद्यापीठांना कळवलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र आणि आरोग्याशी जोडलेले काही विषय दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन शिकवायचे नाहीत, नवे प्रवेश द्यायचे नाहीत. पोषण आहाराचा विषयही त्यात आहे. बी.ए.सारख्या पदवीत अनेक विषय असतील तर बाकीचे चालू राहतील, एवढे विषय वगळले जातील.

याचं कारण समजून घेतलं पाहिजे, नुसता राग करून चालणार नाही. २०२१ साली आरोग्यसेवेतल्या निरनिराळ्या व्यवसायांसाठी केंद्रानं एक कायदा केला. मनाच्या आजारावर काम करणारे लोकही त्यात धरलेले आहेत. दुसऱ्याच्या मनाला हात घालणाऱ्याला समोर बसून, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शिक्षण मिळालं पाहिजे, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा म्हणता येत नाही. सुईण असो की नर्स, नुसतं पुस्तक वाचून बाळंतपण करायला आपण तरी तिला घरात घेऊ का? अर्धवट शिकलेल्याच्या सल्ल्यानं दुखावलेल्या माणसाचं नुकसान होऊ शकतं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नियमित कॉलेजातच शिका, असं म्हटलं की पुण्या-नागपूरच्या मुलीला फार फरक पडत नाही. मालेगाव किंवा मंगरुळपीर तालुक्यातल्या खेड्यातल्या, पदरी दोन लेकरं असलेल्या बाईचं दार मात्र लागतं. मग खेड्यातल्या मनांवर काम करायला शहरातली माणसं येणार, तीही आली तर.

आम्हाला वाटतं, या अडचणीत कर्व्यांचा आणि अनुताईंचा इतिहास आपल्या उपयोगाचा आहे. कर्व्यांवर हलक्या पदवीचा आरोप झाला तेव्हा त्यांनी परीक्षा रद्द केली नाही. परीक्षा ठेवली, बाईच्या पायातले अडथळे काढले. कुरणशाळेतही मोजायला शिकवणं सोडलं नाही, जागा बदलली. तसंच इथंही व्हायला हवं. प्रात्यक्षिक आणि देखरेख असावी, ती कमी करा असं कुणी म्हणू नये. पण ते प्रात्यक्षिक जिल्ह्याच्या ठिकाणी का होऊ नये? जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आहे, तालुक्याला कॉलेजं आहेत. शनिवार-रविवारचे वर्ग, सुगीचे दिवस वगळून ठेवलेली हजेरी, जिल्ह्यातच देखरेखीखालचं काम, अशी मागणी आपण महिलांच्या संस्थांनी विद्यापीठाकडं करायला हवी. १९१६ साली पाच विद्यार्थिनींसाठी विद्यापीठ निघू शकलं, तर आज हे मागणं मोठं नाही.

तोवर ज्या वाटा उघड्या आहेत त्या सांगतो.

मानसशास्त्र आणि असे बंद झालेले विषय वगळता इतर विषयांत मुक्त विद्यापीठातून पदवी आजही घेता येते. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून प्रवेशाआधी जवळच्या अभ्यासकेंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारा. आपल्या शिक्षणावर थेट प्रवेश मिळतो का, या विषयाला सध्या मान्यता आहे का, आणि परीक्षा कुठं होणार. दलालाच्या तोंडी सांगण्यावर पैसे देऊ नका, पावती घ्या.

ज्यांना मानसशास्त्रच शिकायचं आहे, त्यांनी ज्या कॉलेजात तो विषय नियमित शिकवतात तिथंच नाव घालावं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचं शिक्षण मध्येच थांबलं तरी केलेला अभ्यास वाया जात नाही. एक वर्ष पुरं झालं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका, तीन वर्षांवर पदवी. मिळवलेली क्रेडिट्स आपल्या नावावर क्रेडिट बँकेत जमा राहतात, सात वर्षांपर्यंत. बँक हा शब्द आपल्या ओळखीचाच आहे. दर महिन्याची बचत पासबुकात दिसते तसंच हे, फक्त रुपयाच्या जागी अभ्यास.

बाळंतपणाचंही लक्षात ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या विद्यापीठांना लिहिलं की पदवी आणि पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलींना बाळंतपणासाठी रजा आणि हजेरीत सवलत देणारे नियम करा. कॉलेजात हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही. अर्ज लेखी करायचा, त्यावर पोच घ्यायची. गटाचा ठराव जसा तोंडी चालत नाही तसंच.

आणि आपण गट म्हणून काय करू शकतो? अंतर्गत कर्ज आपण शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, दवाखान्याला देतो. परीक्षा फी आणि प्रवासखर्चासाठी ते द्यायला कुठलाही नियम आड येत नाही. परीक्षेच्या चार दिवसांत त्या बाईच्या घरचा स्वयंपाक, गाईची धार, पोरांना सांभाळणं वाटून घ्यायला तर पैसाही लागत नाही. पार्वतीबाई आठवल्यांनी अमेरिकेपर्यंत जाऊन जे केलं, त्याचा एक वाटा आपल्याला गल्लीत बसून उचलता येतो. तिच्या नवऱ्याला, सासूला दोन शब्द सांगायचे असतील तर चार जणी मिळून जा. एकटीचं ऐकत नाहीत, चौघींचं ऐकतात, हा आपला अनुभव आहेच.

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. हजेरी आणि बचत झाली की शिक्षणाचा रकाना पुन्हा वाचा. कुठं थांबलं, कशानं थांबलं, हे प्रत्येकीला विचारा आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहा. पैसा, लग्न, बाळंतपण, एसटी नसणं, जे असेल ते. 'वय' असं मात्र लिहू नका. ती यादी ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवा आणि तिथून प्रभागसंघाकडं पाठवा. विद्यापीठापुढं आणि जिल्हा प्रशासनापुढं मागणी न्यायची तर आपल्या हातात आधी कागद हवा.

एक्कावन्नाव्या वर्षी पदवी घेतल्यावर अनुताईंनी पुढं तीस वर्षं काम केलं. आपल्या बहुतेक गटांत एक्कावन्न वर्षांची बाई अजून शेतात निंदायला जाते, नातवंडं सांभाळते, गटाची अध्यक्ष असते. तिचं वय कशालाच आड येत नाही. मग पुस्तकालाच कसं येईल?

पुढच्या भाषणात क्रेडिट बँकेत आपलं खातं कसं उघडायचं, कोणते कागद लागतात, ते सविस्तर सांगू. यादी मात्र तोवर करून ठेवा.